गजकचा पितृपंधरवडा

"आजपासून गजकच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास प्रांजलीच्या हातून जाईल," मधुसूदनरावांनी चहाचा कप बशीत ठेवत जाहीर केलं. "घरातलं दुसरं कुणीही त्याला काही घालणार नाही. कुणीही म्हणजे मीसुद्धा. आणि हा नियम मोडला, तर रवानगी डबऱ्याला. चर्चा नाही."

गजक म्हणजे त्या घरातला कुत्रा. अंगाचा रंग गजक नावाच्या तिळाच्या वडीसारखा, म्हणून नाव गजक. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याला मधुसूदनरावांचे जुने स्नेही शिवाजीराव यांची शेती होती. तिथे म्हशी होत्या, मोकळं रान होतं आणि कुत्र्याला ना नव्हती. त्यामुळे गजकने काही उपद्व्याप केला की मधुसूदनराव डबऱ्याचं नाव काढत. आजवर ते नुसतं नाव होतं. आज मात्र त्यांचा सूर वेगळा होता. शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या नातीने, प्रांजलीने, तो ओळखला आणि तिने पायाशी बसलेल्या गजकचा कान घट्ट धरून ठेवला.

कारण घडलं होतं गणपतीत. दहा दिवस गजक घरभर शेपूट हलवत फिरला आणि विसर्जनाच्या दिवशी, बाप्पा निघायच्या आधीच तो आडवा झाला. पोट फुगलेलं, डोळे मलूल, पाण्याकडेसुद्धा बघेना. सगळं घर त्याला घेऊन ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरजवळच्या दवाखान्यात धावलं. डॉक्टर शिखा यांनी त्याला तपासलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं.

"इसने खाया क्या है?"

"एक मोदक," मधुसूदनरावांच्या पत्नी शामलाबाई म्हणाल्या. "नैवेद्याचा होता, म्हणून एकच दिला. रोज."

त्यांच्या मुलाने, अभिरामनेही रोज एकच दिला होता. सून मंजिरी अर्ध्याच्या वर कधी गेली नव्हती, पण ती दिवसातून कितीदा गेली नव्हती हे तिला आठवत नव्हतं. मधुसूदनराव बराच वेळ भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे पाहत उभे होते. शेवटी तेही बोलले, "दोन्ही आरत्यांनंतर एकेक. तोंडाकडे बघत बसायचा हो बिचारा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोण कुणाला बोलणार? एकट्या प्रांजलीने काही दिलं नव्हतं, आणि रडत होती तीच.

"घर में इसे सँभालता कौन है?" डॉक्टरांनी विचारलं. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. प्रांजलीने शाळेत करतात तसा हात वर केला. त्यानंतर डॉक्टर शिखा फक्त तिच्याशीच बोलल्या. गजक जेवत असताना त्याच्या ताटलीत हात घालायचा नाही, झोपला असेल तर अंगावर जाऊन पडायचं नाही, त्याला हात लावल्यावर आपले हात धुवायचे, पाणी रोज ताजं. कांदा, चॉकलेट आणि बेदाणे त्याच्या वाऱ्यालाही उभे करायचे नाहीत. पुढचे काही महिने साधा मऊ भात, उकडलेला लाल भोपळा आणि दवाखान्याचं खाणं, बस. आणि त्याला एक सवय लावायची. समोर पक्वान्न आलं तरी, प्रांजलीने ठरलेला शब्द उच्चारल्याशिवाय त्याने तोंड लावायचं नाही.

"ऐसा शब्द चुनना, जो कोई कुत्ते से नहीं कहता," डॉक्टर म्हणाल्या. प्रांजलीने मान डोलावली. तिने शब्द निवडला, पण कुणाला सांगितला नाही.

मधुसूदनराव बँकेतून निवृत्त झालेले. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे त्याचीच जबाबदारी, ह्या तत्त्वावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि एवढं साधं तत्त्व आपल्या घरात पाळलं गेलं नाही याची त्यांना मनापासून लाज वाटली होती. म्हणून तो नियम. प्रांजलीने तो शब्दशः घेतला. रोज दार लावून ती गजकला शिकवायची. आतून तिचं कुजबुजणं ऐकू यायचं आणि मग ताटली चाटल्याचा आवाज. चार-पाच दिवसांतच गजकचं फुगलेलं पोट उतरलं, त्याच्या डोळ्यांत तेज आलं. मधुसूदनराव फिरायला गेले की बाकावरच्या मित्रांना सांगत, "मुलांवर जबाबदारी टाका, पण मग मध्ये बोलू नका. आम्ही मोठी माणसंच नियम मोडतो, मुलं नाही मोडत."

हे असंच चाललं असतं, पण गणपती गेले की लगेच पितृपंधरवडा येतो.

कंपू नावाच्या वस्तीमागच्या त्यांच्या गल्लीत मराठी घरं पुष्कळ. ज्याची त्याची तिथी, ज्याचं त्याचं श्राद्ध, आणि प्रत्येक श्राद्धाला कावळ्याचं एक पान, गाईचं एक, कुत्र्याचं एक. कावळ्यांची दरवर्षी ओढाताण व्हायची, पण कुत्र्यांची चिंता कधी नव्हती. गल्लीत भुऱ्या होता, लंगडी होती, त्यांची पिल्लावळ होती. यंदा नेमकं पंधरवड्याच्या तोंडाशी लसीकरणाची गाडी आली आणि त्या सगळ्यांना काही दिवसांसाठी घेऊन गेली. अख्ख्या गल्लीच्या पूर्वजांना मिळून आता एकच कुत्रा उरला होता, आणि त्याची किल्ली नऊ वर्षांच्या मुलीकडे होती.

पहिल्या आल्या समोरच्या सुलोचनाबाई. पदर खोचलेला, हातात पत्रावळ, पत्रावळीवर उडदाचे वडे, कढी-भात आणि बेदाणे घातलेली दाट खीर. प्रांजली फाटकात उभी राहिली.

"दार उघड गं पोरी. पान घालायचंय."

"गजकचं जेवण झालं, सुलोचनाआजी. आणि ह्यात किशमिश आहे. वो उसके लिए जहर है."

"अगं, हे गजकसाठी नाहीये. माझ्या सासऱ्यांसाठी आहे."

प्रांजलीने थोडा विचार केला. "मग त्यांनाच द्या ना."

"ते कुठले आता! ते वर गेले. म्हणून तर गजकला द्यायचं. ह्याने खाल्लं की त्यांना पोचतं."

"आणि पोट कुणाचं दुखतं? ह्याचं की त्यांचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर सुलोचनाबाईंच्या घराण्यात आजवर कुणाला द्यावं लागलं नव्हतं. त्यांनी आवाज चढवला, तसे मधुसूदनराव बाहेर आले.

"भाऊ, बघून राहिलात ना? तुमची नात माझ्या सासऱ्यांना उपाशी ठेवून राहिली आहे. फौजेत सुभेदार होते ते. वेळेवर जेवण नाही मिळालं तर घर डोक्यावर घ्यायचे."

"मला कल्पना आहे, सुलोचनाबाई," मधुसूदनराव शांतपणे म्हणाले. "पण गजकचं खाणं तिच्या ताब्यात आहे. तिथे माझंही चालत नाही. नियम म्हणजे नियम."

सुलोचनाबाईंनी पत्रावळ छातीशी धरली. "ठीक आहे. तुमच्या वडिलांची तिथी दशमीला येते ना? तेव्हा बघते मी." आणि त्या गेल्या. मधुसूदनराव नातीच्या पाठीवर थाप मारून आत वळले. दशमी त्यांना त्या क्षणी फार लांब वाटली.

मग गल्लीने आडमार्ग धरला. कुणी भिंतीवरून वडा टाकून बघितला. गजक वड्यासमोर जाऊन बसला, लाळ गाळत राहिला, आणि प्रांजली शाळेतून येऊन तो वडा उचलेपर्यंत जागचा हलला नाही. कुणी प्रांजलीलाच पेढ्यांचा पुडा देऊ केला. तिने थँक्यू म्हणून पुडा घेतला, सगळ्यांना वाटला आणि गजकला काही दिलं नाही. एका आजोबांनी तर फाटकाबाहेर उभं राहून गजकला हात जोडले आणि ते आपल्या वडिलांचं नाव घेऊन क्षमा मागून गेले. सगळी गल्ली नाराज होती. मधुसूदनरावांची छाती मात्र रोज फुगत होती.

दशमीला रविवार पडला. अभिराम पहाटेच महाराज बाड्याच्या बाजारातून केळीची पानं आणि पत्रावळी घेऊन आला. शामलाबाई आणि मंजिरी स्वयंपाकघरातून बाहेर पडल्याच नाहीत. शंतनुगुरुजी स्कूटरवरून आले. ते तरुण होते, आणि पंधरवड्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे. त्यांनी आल्या आल्या घड्याळ बघितलं.

"काका, पुढे आणखी दोन घरं आहेत. आपण फटाफट घेऊया."

विधी नीट झाले. कावळ्याचं पान गच्चीवर नेलं. एरवी ह्या घराचा कावळा तासभर तरी मनधरणी करून घेई. यंदा पान ठेवून अभिराम वळायच्या आत कावळा वड्यावर बसला होता. गाय ठरल्यासारखी दारात आली, पान खाऊन, पानाखालची पत्रावळ खाऊन गेली. मधुसूदनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांवर त्यांचा फार जीव होता. वर्षातून एक दिवस त्यांना वाटायचं की वडील जवळपास आहेत, ओट्यावर कुठेतरी बसले आहेत आणि जेवायला बोलावण्याची वाट बघत आहेत.

ते तिसरं पान घेऊन अंगणात आले. अंगणात गजक होता. गजकपुढे प्रांजली.

"आजोबा, नाही."

"अगं, आज पणजोबांचं श्राद्ध आहे."

"मला पता आहे. पण ह्यात खीर आहे, तळलेलं आहे. शिखा डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

"आजचा दिवस अपवाद."

"तुम्हीच म्हणाला होता, कुणीही म्हणजे मीसुद्धा." तिचा आवाज चढलेला नव्हता. ती खरंच त्यांना आठवण करून देत होती. "परत आजारी पडला तर तो डबऱ्याला जाईल ना!"

समोरच्या गॅलरीत सुलोचनाबाई केस वाळवत उभ्या होत्या. त्यांचे केस सकाळीच वाळले होते.

मधुसूदनराव पान घेऊन परत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी आपली गत झाली हे त्यांना कळत होतं आणि ते समोरच्या गॅलरीतही कळलं आहे, याचा जास्त त्रास होत होता. आता पंचाईत अशी, की तिन्ही पानं लागल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसायचं नाही, ही त्यांच्या वडिलांनी घातलेली शिस्त. ती शास्त्रातली की वडिलांच्या मनातली, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"गुरुजी, काही तोड?" अभिरामने विचारलं. भुकेने त्याचा चेहरा उतरला होता.

"तोड काय, कुठलाही श्वान चालतो," गुरुजी म्हणाले. "बाहेर बघा ना एखादा. ग्वाल्हेरात कुत्र्यांची कमी आहे का?"

अभिरामने स्कूटर काढली. प्रांजली पान मांडीवर घेऊन मागे बसली, कारण रस्त्यावरचा झाला म्हणून काय झालं, त्यालाही बेदाणे नकोत. तिने वाटेतच खिरीतला एकेक बेदाणा वेचून काढला. पण दशमी काही त्यांच्या एकट्याच्या घरी नव्हती. कंपूच्या चौकात एक कुत्रा सापडला. त्याने वड्याकडे बघितलं, अभिरामकडे बघितलं आणि मान फिरवून डोळे मिटले. पुढे दोघं सावलीत पोट वर करून पडले होते, त्यांच्यासमोर आधीच तीन पत्रावळी होत्या. एक काळा कुत्रा आशेने जवळ आला.

"बाबा, रुको! लांबून ठेवा. अनोळखी आहे, हात पुढे नाही करायचा."

अभिरामने पान लांबून सरकवलं. काळ्याने ते हुंगलं, वड्यावरून पाय टाकला आणि तो निघून गेला.

"भैयाजी, आज ये नहीं खाएँगे," पानटपरीवाला हसत म्हणाला. "सुबह से दावत चल रही है."

इकडे घरात शंतनुगुरुजी तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. स्वयंपाकघरातून कढीचा वास येत होता. मधुसूदनराव अंगणात आले. गजक पायरीवर बसला होता आणि त्यांच्याकडे गणपतीत बघायचा तसाच बघत होता.

त्यांच्या मनात विचार आला. बेदाणे वेचायचे काय, ते आपणही वेचू शकतो. आणि एक चमचा. एका चमच्याने काय होतंय? वडिलांना पोचेल, गुरुजी जेवतील, प्रांजलीला कळणारही नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची तिजोरी सांभाळलेला माणूस स्वयंपाकघरातून खिरीची वाटी पंच्याखाली लपवून बाहेर आला. चष्मा पूजेच्या पाटाजवळ राहिला होता. त्यांनी उन्हात वाटी धरून बोटाने बेदाणे काढले, चमचा भरला आणि गजकपुढे धरला.

गजकने चमच्याकडे पाहिलं. त्याच्या जबड्यातून लाळेची तार थेट पायरीपर्यंत आली. पण तोंड उघडलं नाही.

"खा बाळा," मधुसूदनराव कुजबुजले.

गजक बसून राहिला.

"घे. घे ना. ले बेटा, खा ले." त्यांनी चमचा नाकाशी नेला. गजकने मान बाजूला केली, जणू नियम मोडायला लावणाऱ्या माणसाकडे बघणंही बरं नव्हे. मग मधुसूदनरावांनी इंग्रजीत सांगून बघितलं. दटावून बघितलं. शेवटी गुडघे टेकून ते त्याच्यासमोर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "अरे, माझ्या वडिलांसाठी खा रे."

फाटक वाजलं. स्कूटर आत आली होती.

प्रांजली उतरली आणि जागच्या जागी थांबली. अंगणात आजोबा गुडघ्यांवर, हातात चमचा, समोर गजक. तिने कुणाला काही विचारलं नाही. ती आली, आजोबांच्या हातातून चमचा घेतला, उन्हाकडे धरला आणि दोन बोटांनी खिरीतून काहीतरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. फुगलेला, पांढऱ्या खिरीत पांढराच दिसणारा एक बेदाणा.

"हा राहिला होता, आजोबा."

मधुसूदनराव त्या बेदाण्याकडे बघत राहिले. गणपतीतला तो दवाखाना, पाण्याकडेही न बघणारा गजक, रडून सुजलेले प्रांजलीचे डोळे, सगळं त्यांना एकदम आठवलं. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. एवढ्याशा पोरीला जे कळतं ते आपल्याला सांगूनही कळलं नाही, आणि ज्याला काहीच कळत नाही असं आपण समजतो त्या कुत्र्याने आपल्याला अडवलं.

ते काही बोलायच्या आत प्रांजली घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गजकची ताटली, त्याचं जुनं पांघरूण आणि पट्टा होता. हे सगळं ती शाळेच्या दप्तरात भरू लागली. 

"हे काय करते आहेस गं?" शामलाबाईंनी विचारलं.

"नियम मोडला ना, आजी. आता त्याला डबऱ्याला जावं लागेल." आणि मग तिला हुंदका आवरला नाही. "पण त्याने काही नाही केलं. सच्ची. त्याने तोंड पण नाही लावलं."

 मंजिरी डोळे पुसत होती. गुरुजी घड्याळ बघायचं विसरले. मधुसूदनराव हात टेकत उठले आणि नातीजवळ जाऊन बसले.

"प्रांजली, नियम कुणी मोडला?"

ती पट्टा दप्तरात कोंबत राहिली.

"गजकने मोडला? तू मोडलास? मी मोडला. मग ज्याने मोडला त्यानेच डबऱ्याला जायचं. मी जातो."

प्रांजलीने नाक ओढलं. पाठ फिरवून डोळे पुसले. मग वळून तिने अगदी गंभीरपणे विचारलं, "किती दिवस?"

समोरच्या गॅलरीतून सुलोचनाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मागोमाग शंतनुगुरुजी हसले आणि मग सगळं घर.

"काका, एक सांगू का?" हसू आवरून गुरुजी म्हणाले. "श्वानाला अन्न द्यावं, एवढंच आहे. खीरच पाहिजे, वडाच पाहिजे असा हट्ट आपला. हा जे खातो तेच पानावर वाढा ना."

"हे आधी का नाही सांगितलं, गुरुजी?"

"आधी विचारलं कुणी? तुम्ही तोड विचारली, मी श्वान सांगितला. आणि खरं सांगू का, भूक लागली की शास्त्र जास्त नीट आठवतं."

मंजिरीने मऊ भात आणला, त्यावर उकडलेल्या भोपळ्याची फोड. मधुसूदनरावांनी वडिलांचं स्मरण करून ते पान गजकपुढे ठेवलं आणि हात जोडले. गजक बसून राहिला. सगळे प्रांजलीकडे बघू लागले. ती संकोचली. शब्द तिने आजवर गुपित ठेवला होता. पण आजोबांचे हात अजून जोडलेले होते. ती गजकच्या कानाशी वाकली आणि पंगतीत यजमान पाहुण्यांना म्हणतात तसं, पण खूप हळू म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

गजक सावकाश वगैरे काही जेवला नाही. पान दोन क्षणांत लख्ख झालं. मधुसूदनरावांनी डोळे मिटून घेतले होते. वडील ओट्यावरून उठून आत येताहेत असं त्यांना वाटलं, आणि ह्या वेळी ते खरंच पोटभर जेवले असणार याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही.

संध्याकाळी सुलोचनाबाई आल्या. हातात वाटीभर साधा भात. "मीठ पण नाही घातलं गं," त्या प्रांजलीला म्हणाल्या. "सासऱ्यांना सांगून टाकलं, आता जे मिळतं ते घ्या." प्रांजलीने भात तपासला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली.

मधुसूदनरावांना वाटलं होतं की डबऱ्याची गोष्ट हसण्यावारी गेली. पण सोमवारी सकाळी त्यांची कपड्यांची पिशवी दाराशी तयार होती, आणि पलंगावर प्रांजली त्यांच्या गोळ्या डबीत भरत होती. नियम म्हणजे नियम. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं. शामलाबाईंनी त्यांना टोपी आणून दिली.

अभिराम त्यांना बसमध्ये बसवून आला. तोवर प्रांजलीने आईच्या फोनवरून शिवाजीरावांना फोन लावला होता.

"शिवाजीकाका, आजोबा निघाले आहेत. जरा नीट ऐका हं. त्यांना सकाळी आणि संध्याकाळी फिरवून आणायचं. पाणी जवळ ठेवायचं. गोड बिलकुल नाही द्यायचं, कितीही तोंडाकडे बघत बसले तरी. जेवताना कुणी मध्ये बोलायचं नाही, त्यांना आवडत नाही. दुपारी झोपले की उठवू नका, चिडतात."

"बरं बाई," पलीकडून शिवाजीराव म्हणाले. ते हसत होते. "आणखी काही?"

प्रांजलीने खाली बघितलं. गजकने तिच्या मांडीवर डोकं टेकलं होतं.

"हो. फक्त दोन रात्री. नंतर परत पाठवा, काका," ती म्हणाली. "ठेवून नका घेऊ हं. ते आमचे आहेत."